बिनबांगड्यांचा हात

या सदरात लोक जे काय लिहितात ते मी वाचतो आणि बहुतेक वेळा मासिक बाजूला टाकून देतो. पिंपळावरची बाई, विहिरीतून येणारी हाक, उलट्या पायांचा माणूस... अरे, कुणाला सांगता? उभी हयात मी सरकारी डॉक्टर होतो. आधी निजाम सरकारचा, मग आपल्या सरकारचा. अंगात आलेल्या बायांना अमोनियाचा बोळा हुंगवून ताळ्यावर आणणारा माणूस मी! भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही.

मग लिहितोय कशाला? तर परवा मुलानं मला औरंगाबादला नेऊन ई.सी.जी. काढला. हातापायांना तारा लावल्या आणि मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. तरुण डॉक्टर म्हणाला, "आजोबा, ठोके जरा अनियमित आहेत." मी म्हटलं, "बाळा, अनियमित ठोके काय असतात ते मला नको शिकवूस." पण मनगटाला लावलेल्या त्या तारेकडं बघता बघता मला एक हात आठवला, आणि तो घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका, म्हणजे माझं डोकं खाणं तरी थांबेल." म्हणून हे.

गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. हैदराबादला शिकून मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि माझा तबादला बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका दवाखान्यावर झाला होता. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, ओसरी, औषधांचं एक कपाट आणि मौलासाब नावाचा कंपाउंडर. आंबाजोगाई – सरकारी कागदात तेव्हा मोमिनाबाद – बैलगाडीनं दिवसभराचा रस्ता. तिथवर जाणं ज्याला झेपत नाही त्याच्या नशिबी मी.

एके सकाळी नांदूरघाटाकडच्या एका गावाहून देशमुखांचा गडी घोडी घेऊन आला. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. "धाकल्या बाईसायबाला लई धाप लागती, चला," म्हणाला. गेलो. देशमुखांच्या बायका गोषातल्या. खोलीत आडवा पडदा लावलेला, अलीकडं माझ्यासाठी पाट, पाठीमागं स्वतः देशमुख उभे. पेशंट म्हणजे त्यांची बायको, कौसाबाई. पडद्यापलीकडून बोलणार त्यांच्या आई. छातीला नळी लावायची गोष्ट मी काढली मात्र, देशमुखांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी नळी गुपचूप बॅगेत टाकली. "नाडी बघा," म्हणाले, "हकीम लोक नाडीवरच सगळं सांगतात."

पडद्याखालून एक हात बाहेर आला. हातात बांगडी नव्हती. मनगटाच्या आतल्या अंगाला हिरवं गोंदण होतं, तुळशीवृंदावनाचं, एक बाजू पुसट झालेलं. नाडी मोकळी सापडावी म्हणून बांगड्या उतरवल्या असतील असं वाटलं. मी बोटं ठेवली.

अहो, ती नाडी नव्हतीच! उतारावर मोकळ्या सुटलेल्या शेळ्या. दोन ठोके धावायचे, एक गायब व्हायचा, मग तीन अर्धेमुर्धे, मग एक दणदणीत, मग पुन्हा काहीच नाही. त्यात ताल शोधायला जावं तर आपलंच काळीज घाबरावं. पुस्तकात वाचलं होतं, बोटांखाली पहिल्यांदाच येत होतं.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" मी विचारलं. पलीकडं कुजबुज झाली. मग देशमुखांच्या आई म्हणाल्या, "आलता. माहेरी. लई दिस हातरुणाला खिळून हुती." मला रोग सापडला. त्या तापानं हृदयाची झडप खराब होते, पुढं कधीतरी हृदयाचा वरचा भाग आकुंचन पावायचा सोडून नुसता थरथरायला लागतो, आणि खालचा भाग बिचारा मिळेल त्या धक्क्याला उडत राहतो. माणसाला धाप लागते, पाय सुजतात, रात्र उशाला टेकून बसून काढावी लागते. घरात तोवर लिंबं उतरवून झाली होती, नारायणगडाचा अंगारा लावून झाला होता.

औषध एकच – डिजिटॅलिसचे थेंब. त्यानं रोग जात नाही, ताल परत येत नाही, पण धावणारे ठोके आवरतात. धाप उतरते, सूज उतरते, माणूस वर्षानुवर्षं जगतो. फक्त डोस जपून द्यायचा. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर तेच औषध जीव घेतं. आणि डोस ठरवायचा कशावर? नाडीवर.

तर मी त्या हातावर डोस ठरवला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तोच हात पडद्याखालून आला. नाडी अजून वेडीवाकडीच, पण दम खाऊन चालणारी. "आडवी होऊन झोपती आता," पलीकडून आवाज आला. मी मिशीला पीळ देत घोडीवर बसलो. तरुण होतो हो.

मग एका बाजारच्या दिवशी दवाखान्यात एक बाई आली. पस्तीस-चाळिशीची, कपाळ मोकळं, अंगावर साधं लुगडं. "डाक्टरसाहेब, वहिनीच्या औषिदाची बाटली सरली." देशमुखांची थोरली बहीण, सगळे तिला आक्का म्हणत. कळत्या वयाच्या आधीच कुंकू पुसलं गेलेलं, तेव्हापासून माहेरीच. विधवेला गोषात कोण बसवतो? बाजारहाट, दवाखाना, सगळं तिच्याकडं. मी भरलेली बाटली पुढं केली, तिनं हात पुढं केला, आणि मला दिसलं – बांगडी नाही, मनगटावर हिरवं तुळशीवृंदावन, एक बाजू पुसट.

"हा हात..." मी म्हटलं.

"तुमीच धरता की दर बारीला."

"म्हणजे मी आजपर्यंत तुमची नाडी बघत होतो?"

"न्हाई वो," ती म्हणाली, एखाद्या लेकराला समजावावं तसं. "नाडी वहिनीचीच. हात माझा."

मला कळेना हसावं की रडावं! तिनं सांगितलं ते असं. सुनेच्या अंगाला परपुरुषाचा हात लागायचा नाही, हे त्या घरात ठरलेलं. आणि त्यांच्या आजीची नाडी कुण्या हकिमानं म्हणे मनगटाला धागा बांधून, भिंतीपलीकडून पाहिली होती. "सुताच्या धाग्यातून नाडी येती," आक्का म्हणाली, "मग रगतामासाच्या हातातून यायला काय हुतंय? म्या डाव्या हातानं वहिनीचा हात धरते अन् उजवा तुमाला देते." घरात हे कुणालाच वावगं वाटलं नव्हतं, म्हणून मला सांगायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

माझा पारा चढला. "तुमच्या अख्ख्या घरात एकालाही अक्कल नाही? त्या बाईचा जीव जाईल!" असं काय काय मी ओरडलो. मौलासाब कपाटाआड झाला.

"वरडता कावून?" आक्का शांत. "गुण आला न्हवं?"

मी तिचं मनगट धरलं. नाडी ठाकठीक! एकासारखा एक ठोका. मी दुसरा हात पाहिला. तीच तऱ्हा. बाईला हृदयाचा कसलाही रोग नव्हता. आता मात्र माझ्या पायांखालची जमीन सरकली. आक्काची नाडी जर अशी, तर मी त्या पडद्यापाशी बोटांखाली काय धरलं होतं? आणि जिला मी थेंब पाजतोय तिला नक्की रोग तरी कोणता आहे?

त्याच दिवशी घोडी काढून गेलो. देशमुखांना म्हटलं, "मला पेशंटची स्वतःची नाडी पाहिजे आणि छातीही ऐकायची आहे. नाहीतर आजपासून औषध बंद." आत आईसाहेबांचा एकच गिल्ला. त्यात पहिल्यांदा मी कौसाबाईंचा आवाज ऐकला, बारीक, दम लागलेला. "आत्याबाई, बघू द्या. मरायचंच आसंल तर कळून तरी मरंल."

मग एकदाचं जमलं. पडद्याखालून बांगड्यांनी भरलेला एक बारीक हात आला. मी बोटं ठेवली आणि लगेच ओळखलं. त्याच शेळ्या, तोच दम खाऊन चालणारा कळप. जशीच्या तशी. रोग बरोबर होता, डोस बरोबर होता... सगळं बरोबर होतं, आणि तेच तर बरोबर नव्हतं.

मी हट्टाला पेटलो. नळीचं तोंड पडद्याखालून आत दिलं, कौसाबाईंनी ते आपल्या हातानं छातीशी धरलं, नळीची टोकं माझ्या कानात. आक्काला अलीकडं बसवलं आणि तिचं मनगट धरलं. कानात वहिनीचं हृदय – वेडंवाकडं. बोटांखाली आक्काची नाडी – सरळ, सुरळीत. "आता धरा वहिनींचा हात," मी म्हटलं. आक्कानं दुसरा हात पडद्याखालून आत घातला. माझ्या बोटांखालची नाडी दोन ठोके तशीच चालली... आणि फिसकटली. कानात जो ठोका जोरकस तोच बोटाला लागायचा. कानात जो अर्धवट, तो मनगटापर्यंत पोचायचाच नाही. खऱ्या नाडीत नेमकं असंच होतं. हे सोंग कुणी म्हटलं तरी आणू शकणार नाही, डॉक्टरसुद्धा! हात सोडला, नाडी सरळ. धरला, पुन्हा फिसकटली. मी कितीदा सोडायला आणि धरायला लावलं ते आठवत नाही. शेवटी देशमुख म्हणाले, "काय खेळ चाललाय, डाक्टर?"

बरं, दोघी रक्ताच्या तरी असत्या! नणंद-भावजय. आणि नणंद-भावजयीचं नातं काय असतं हे मी आपल्या लोकांना सांगायला नको.

इथवर मी कशीबशी मनाची समजूत घातली असती. दोन शरीरं चिकटलेली, विजेसारखं काही असेल, पुढं शास्त्र शोधून काढील. पण पुढच्या एका बाजारी आक्का आली तेव्हा गावातल्या पटकीच्या रोग्यांमुळे मला दवाखाना सोडता येत नव्हता. "तुमाला येता येईना तर इथंच बघा," म्हणून तिनं हात पुढं केला.

"वहिनी तिकडं, तुम्ही इकडं. काय बघू?"

"ध्यानात धरते तिला. बघा, येती का." तिनं डोळे मिटले.

खरं सांगतो, मी थट्टा करावी म्हणूनच बोटं ठेवली. आधी तिची सरळ नाडी. मग फिसकटली. आणि मग... मग ती नेहमीसारखी वेडीवाकडी राहिली नाही. एक ठोका, त्याला चिकटून दुसरा, मग लांब मोकळी जागा. पुन्हा जोडी, पुन्हा मोकळी जागा. माझ्या अंगावर काटा आला. हे डिजिटॅलिस जास्त झाल्याचं लक्षण!

"वहिनींना मळमळतंय का?"

"न्हाई... म्या निघाले तवर तर न्हाई."

"आत्ताच्या आत्ता परत जा. थेंब बंद करा. मी सांगेपर्यंत एकही द्यायचा नाही."

ती गेली. बाटली हातात तशीच राहिलेला मौलासाब मला म्हणाला, "नब्ज इधर, मरीज उधर... दवा किसकू देना साब?" मी त्याच्या अंगावर खेकसलो, पण तो तरी काय चूक म्हणत होता?

दुसऱ्या दिवशी गडी निरोप घेऊन आला. आक्का पोचली तेव्हा कौसाबाईंना दुपारपासून उलट्या सुरू झाल्या होत्या, आणि चुन्याची भिंत पिवळी दिसतेय म्हणून त्या घाबरून गेल्या होत्या. झालं होतं असं, की थेंबांनी गुण येतोय हे बघून आईसाहेबांनी परस्पर थेंब दुप्पट केले होते. दुप्पट औषध, दुप्पट गुण! वेळेवर बंद झाले म्हणून बाई वाचली. आणखी थोडे दिवस चाललं असतं तर मी काही करू शकलो नसतो.

त्यानंतर मी स्वतःशी भांडायचं सोडलं. दर बाजाराला आक्का यायची, ओसरीवरच्या बाकावर टेकायची, डोळे मिटायची, हात पुढं करायची. मी वहिनीची नाडी बघून डोस सांगायचो. मधूनमधून गावी जाऊन खात्री करायचो, दर वेळी जुळायचं. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर मलाच कुणीतरी अमोनियाचा बोळा हुंगवला असता.

एकदा मी तिला विचारलं, "आक्का, भावजयीसाठी एवढं कोण करतं?" ती लुगड्याचा पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "या घरात म्या लई वर्सं हाय, डाक्टरसाहेब. चुलीपाशी आसते, गोठ्यात आसते, समद्यांला दिसते बी. पर जेवलीस का म्हनून इचारनारी ती एकच. नवी नवरी आली तवा हळदीच्या हातानं आधी माजं ताट वाढलं, मग सोता बसली. अजून बी मला इचारल्याबिगर घास घेत न्हाई. ती गेली तर मला कोन इचारील?"

मी उगीच बाटलीचं बूच घट्ट करत बसलो.

अशीच वर्षं गेली. कौसाबाई आता दारात बसून धान्य निवडायच्या; म्हातारपणापर्यंत जगतील असं मला वाटायला लागलं होतं. मग थंडीतला एक बाजारचा दिवस. सकाळची उन्हं ओसरीवर आलेली. आक्का आली, बसली, डोळे मिटले. मी बोटं ठेवली.

नाडी सरळ होती.

मी थांबलो. कधीकधी यायला वेळ लागायचा. अजून थांबलो. ठोक्याला ठोका, एकसारखा, भरदार. दुसरा हात पाहिला. तसाच. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला – असं होतं म्हणून मी वाचलं होतं! थरथरणारं हृदय कधी एखाद्या दिवशी आपोआप तालावर येतं. क्वचित, पण येतं. "मौलासाब, इकडं या!" मी ओरडलो. "आक्का, अहो पेढे वाटा! ताल परत आला! इतकी सुरेख नाडी मी वहिनींची कधी बघितली नाही!"

आक्कानं डोळे उघडले. माझ्याकडं नाही, आपल्या मनगटाकडं बघितलं.

"डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "ही माझी हाय."

"म्हणजे?"

"मघाधरनं बोलावतीया तिला. येईना. ही नुसती माझीच हाय."

ती उठली. बाटली न घेताच पायऱ्या उतरली. मी मागून म्हणत राहिलो, "वेडेपणा करू नका, आक्का, असं काही नसतं..." – मी म्हणत होतो हे, मी! शेवटी घोडी काढून तिच्या गाडीमागं निघालो. अर्ध्या वाटेवर ओढ्यापाशी समोरून देशमुखांचा गडी घोडीवरून येताना दिसला. त्यानं आम्हाला पाहिलं, खाली उतरला आणि आक्काच्या गाडीच्या जुवावर हात ठेवून उभा राहिला. आक्कानं त्याला काही विचारलं नाही.

कौसाबाई उन्हाला दारात बसल्या होत्या. आदल्या रात्री नीट झोपल्या होत्या, सूज नव्हती, धाप नव्हती. सासूला एवढंच विचारलं, "आक्का जेवून गेल्या का वो?" आणि भिंतीला टेकल्या. उन्हं अंगणात आली त्या सुमारास. म्हणजे आक्का माझ्या बाकावर डोळे मिटून बसली होती, त्याच सुमारास.

पुढं मी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांपाशी हा विषय आडून आडून काढून पाहिला. कुणी म्हणालं आक्कालाच तसा रोग असेल, येऊन-जाऊन असणारा. मग तो वहिनीच्या ठोक्याला ठोका कसा जुळवत होता? कुणी म्हणालं तुमच्या बोटांचा भास. मग उलट्यांचं काय?

शेवटचं एक सांगतो. वर्षश्राद्ध झाल्यावर आक्का एकदा स्वतःच्या तापासाठी आली. पार वाळली होती. त्याच बाकावर बसली. हात पुढं केला, मग जरा मागं घेतला, आणि म्हणाली, "आज माझीच बघायची हाय." मी बोटं ठेवली. ताप होता म्हणून जलद, पण सरळ. ती खाली बघत होती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, नाडी धरल्या धरल्याच मी विचारलं, "आक्का, जेवलात का?"

तिनं मान वर केली. आणि माझ्या बोटांखाली एक ठोका चुकला. एकच. मग लगेच पुन्हा सरळ.

एखादा ठोका कुणाचाही चुकतो, त्याला काही अर्थ नसतो, असं मी नंतर कितीतरी पेशंटांना सांगत आलो. त्या दिवशी मात्र आक्कानं "काय झालं?" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "वहिनींनी विचारलंय."